सामोरा

आमच्या अकोटात पूर्वी कुणी घर बघायला आलं की बोअरला पाणी किती आहे ते विचारायचं. आता माणूस फाटकातूनच मान वर करतो आणि पारवा कुठं बसवलाय ते बघतो. पारवा म्हणजे खरा पक्षी नव्हे. घराच्या बाहेर, छज्ज्याखाली किंवा गच्चीच्या कठड्यावर बसवलेला राखाडी रंगाचा राऊटर. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, ते फक्त बिलावर उरलंय. लोकांनी त्याचा रंग आणि बसायची ढब बघून त्याला पारवा म्हटलं. मी त्याच कंपनीची पगारी इंजिनिअर आहे, तरी मीही पारवाच म्हणते.

हे यंत्र घराबाहेर का, हे मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. आमच्याकडचे उन्हाळे असह्य झाले तेव्हा सरकारनं प्रत्येक घराच्या भिंतींना आणि छताला चंदेरी थर लावून दिला. खिडक्यांना धातूचा मुलामा दिलेली काच आली. ऊन बाहेरच्या बाहेर परतायला लागलं आणि माणसं जगली. पण धातू उन्हाला परतवतो तसा रेडिओलहरींनाही परतवतो. त्यात नव्या नेटवर्कच्या लहरी इतक्या आखूड की भरपूर माहिती वाहून नेतात, पण वाटेत कडुनिंबाची फांदी आडवी आली तरी अडखळतात. घराच्या आत फोन म्हणजे नुसता आरसा झाला. तारेचं इंटरनेट होतं, पण रस्ता रुंद करणारी मंडळी ती तार दरवर्षी न चुकता तोडायची. मग हा उपाय निघाला. पारवा बाहेर बसून टॉवरशी बोलतो आणि भिंतीच्या भोकातून एक बारीक तार आत सोडतो. आतला छोटा डबा ते इंटरनेट खोल्याखोल्यांत वाटतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतेय.

पारव्याच्या पोटात बारीक बारीक अँटेना ओळीनं मांडलेल्या असतात. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी एका धारेत लांबवर जातं, तसा तो आपला सगळा जोर एका अरुंद किरणात गोळा करतो आणि हवा तिकडे वळवतो. फक्त तो एका वेळी एकाच दिशेला बघू शकतो. टॉवरकडे बघत असेल तेव्हा गल्लीकडे नाही आणि गल्लीकडे बघत असेल तेव्हा टॉवरकडे नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

आमच्या घरी तेव्हा मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, अशा दोघीच होतो. माझा नवरा हर्षल संक्रांतीच्या सुमाराला गेला. त्याचा बोअरचे पंप दुरुस्त करायचा धंदा होता. दर्यापूरच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. सकाळी दारात बूट घालताना "येतो" म्हणाला होता. आईंनी आतून "ये" म्हटलं होतं, आणि मी माझ्या पोळीच्या डब्याचं झाकण शोधत होते.

* * *

वैशाख लागला तेव्हा ऑफिसात माझ्या स्क्रीनवर एक तक्रार आली. पत्ता आमच्याच गल्लीचा होता. संध्याकाळ झाली की इंटरनेट मरतं, सकाळी पुन्हा जिवंत होतं. तक्रार करणारे आमच्या समोरचे चोपडेकाका, बँकेतून निवृत्त झालेले आणि क्रिकेटवर जगणारे. मी शिडी घेऊन त्यांच्या घरी गेले.

"तुह्याच गल्लीतून तुह्याकडं तक्रार करा लागते म्हंजे पाह्य," काका शिडी धरून म्हणाले. "काल शेवटची ओव्हर होती. बॉलर धावला अन् तिथंच थिजला. अजून बॉल टाकला नाही त्यानं."

"तुम्ही घरी येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं काका."

"घरी कसं येऊ वं पोरी तुमच्या, असं काही घेऊन."

मी वर चढून पारव्याला माझा टॅब जोडला. पारवा ठणठणीत होता. ऊन उतरलं की त्याचा किरण मात्र टॉवर सोडून गल्लीभर फिरत होता, कोपऱ्यापर्यंत, मारुतीच्या पारापर्यंत, परत फाटकापर्यंत. शेजारच्या घराला मदत म्हणून, असं त्याच्या नोंदीत लिहिलं होतं. शेजारचं घर आमचं होतं. कुणाला शोधायचं आहे तिथं हर्षल गावंडे असं नाव होतं.

मी शिडीवर तशीच उभी राहिले. खालून काकांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

उतरून मी एकेका घराच्या पारव्याला टॅब लावून पाहिला. पाराजवळचा, पिठाच्या गिरणीवरचा, अंगणवाडीवरचा. आमच्या गल्लीतले सगळे पारवे संध्याकाळी माझ्या नवऱ्याला शोधत होते.

* * *

याचं कारण समजायला मला त्या रात्रीपर्यंत थांबावं लागलं नाही, कारण मी रोज तेच विकते. चंदेरी भिंतींमुळे एक अडचण झाली होती. माणूस फोनवर बोलत बोलत उंबरा ओलांडून आत आला की फोन कटकन तुटायचा. म्हणून कंपनीनं पारव्याला नवी खुबी शिकवली आणि मराठी मुलखात तिला 'सामोरा' असं नाव दिलं. घरचं माणूस यायचं असेल तर पारवा आधीच गल्लीकडे वळून राहतो, त्याचा फोन कोपऱ्यावरच पकडतो आणि बोलणं न तोडता घरात घेऊन येतो. घरच्यांना तो फोनवरून, चालीवरून आणि आवाजावरून ओळखतो. पारव्याचीच एक तार खाली दाराशी येते, तिथं बेलचं बटण आणि बोलायची जाळी असते. तिच्यातून त्याला शब्द ऐकू येतात. कुणी "येतो" म्हटलं की तो सामोरा जायच्या तयारीला लागतो. "आलो" ऐकलं आणि माणूस दिसलं की तयारी संपते. "जातो" ऐकलं की त्या माणसाचं नाव तो खाली ठेवतो.

बाकीच्या भाषांमध्ये हे बरोबर चाललं असेल. पण आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. लहान मूल चुकून म्हणालं तर घरातलं मोठं माणूस त्याला दारात थांबवतं आणि येतो म्हणायला लावतं. पारव्याला शिकवणाऱ्या दूरच्या माणसांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावातला प्रत्येक माणूस रोज सकाळी येतो म्हणून घराबाहेर पडत होता आणि पारवा त्या क्षणापासून त्याची वाट बघत होता. संध्याकाळी सगळे परत यायचे, म्हणून ही चूक कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्यात उन्हाळ्याचा नियम होता. दोन-तीन वर्षांपूर्वी शेतावरून घरी येणारी माणसं वाटेत उन्हानं कोसळून मेली होती. तेव्हापासून चैत्र लागला की पारव्यानं आणखी एक काम करायचं असतं. जो येतो म्हणाला आणि पोचला नाही, त्याला त्याच्या परतायच्या वेळेपासून रात्रभर शोधायचं. फोन बंद असेल तर माणूस बेशुद्ध असेल असं धरायचं. जितका उशीर जास्त, तितका शोध जास्त. सापडला नाही तर शेजारच्या पारव्यांना मदतीला घ्यायचं. हा शोध ऑफिसातून कुणाला थांबवता येत नाही, मलाही नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे ते फक्त घरच्या माणसानं दाराशी उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं.

हर्षल परत आला होता, तसं पाहिलं तर. अँब्युलन्समधून उतरवून चौघांनी त्याला फाटकातून आत आणलं. पण त्याच्याजवळ फोन नव्हता, तो चालत नव्हता आणि तो आलो म्हणाला नाही. पारव्यानं त्या चौघांना पाहिलं असेल आणि पाहुणे म्हणून सोडून दिलं असेल. मधला माणूस त्याला दिसलाच नाही.

मी हे चोपडेकाकांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून धोतराला पुसत बसले.

"तक्रार मागं घेतो म्हणून लिहून टाक," ते म्हणाले. "मॅचचं काय वं, सकाळी पाह्यतो मी. निकाल माहीत असला तरी काही बिघडत नाही."

* * *

आईंना न सांगण्याचा माझा विचार होता, पण त्या चेहरा वाचतात. प्रमिलाबाई गावंडे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिलीला शिकवलेलं माणूस. पहिलीचं पोर पोटात दुखतं म्हणालं तर खरं दुखतंय की घरी पळायचंय हे त्यांना नुसतं बघून कळायचं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठवर शोधते तो?"

"पारापर्यंत. सगळे मिळून पार बसस्टँडपर्यंत जात असतील."

"दर्यापूरच्या रस्त्यापर्यंत नाही?"

"नाही आई. तेवढा पोचत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, जसं काही पोस्टमननं आज पत्र नाही असं सांगितलं.

त्या दिवसापासून ऊन कललं की त्या खुर्ची घेऊन अंगणात बसायला लागल्या. पारवा कुणाची वाट बघत असला किंवा कुणाला शोधत असला की त्याच्या कपाळावर पिवळा दिवा लागतो. त्या त्या दिव्याकडे बघायच्या. मला राग यायचा, खरं सांगते. एवढी शिकलेली बाई यंत्राच्या चुकीपुढं खुर्ची मांडून बसते म्हणून. एकदा मी तसं बोललेही.

"मले काही खूळ नाही लागलं," आई म्हणाल्या. "माह्या हातानं आंघोळ घातली मी त्याले, लहानपणी अन् त्या दिवशी. पण संध्याकाळ झाली की जीव दाराकडं जातेच. इतके दिवस मी एकलीच पाह्यत होती. आता आणखी कोणी पाह्यते म्हटलं की बरं वाटते. वाट पाह्यणं एकट्याचं काम नाही, प्रणाली."

मी मात्र वाट बघतच नव्हते. मी हर्षल गेल्यापासून सकाळी न बोलता घराबाहेर पडत होते. तो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. डबा घ्यायचा, फाटक लावायचं आणि चालायला लागायचं. आईंनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

* * *

आईंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या आहेत. रोज संध्याकाळी त्यांना पलंगाशेजारच्या यंत्राला जोडायचं. यंत्र नळीवाटे त्यांच्या पोटात औषधी पाणी सोडतं, ते पाणी रक्तातली घाण शोषून घेतं आणि यंत्र ते बाहेर काढतं. अशा फेऱ्या झोपेपर्यंत चालतात. हे सगळं अकोल्याच्या केंद्रातून मेश्राम सिस्टर स्क्रीनवर बघत असतात. दर फेरीला त्यांची परवानगी लागते. लाईन तुटली की यंत्र नळी बंद करून तिथंच थांबतं. यंत्राचं चुकत नाही, न बघता कुणाच्या पोटात पाणी सोडू नये हे बरोबरच आहे.

उन्हाळा चढत गेला तसा पारव्याचा शोध वाढत गेला. आधी एखादी फेरी चुकायची, मग अर्ध्या चुकायला लागल्या. मी यंत्र दिवसा लावायचं म्हटलं, तर केंद्रातली दिवसाची जागा दुसऱ्या पेशंटांना दिलेली. चोपडेकाकांच्या घरून तार आणून पाहिली, पण त्यांचा पारवाही आमच्याच कामाला लागलेला. आईंच्या पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा.

"प्रणालीताई, असं चालणार नाही," मेश्राम सिस्टर एका सकाळी म्हणाल्या. "फुप्फुसात पाणी गेलं तर घरी काही करता येणार नाही. या आठवड्यात फेऱ्या पूर्ण झाल्या नाहीत तर त्यांना इथं भरती करा. मग घरचं यंत्र काढून घ्यावं लागेल, कायमचं."

"म्हणजे त्या तिथंच राहणार?"

"तिथंच. कशामुळे लाईन जाते ते तुम्हाला कळत नाही का? तुम्ही तर त्याच कंपनीत आहात ना?"

मला चांगलं कळत होतं. दाराशी उभं राहून मी दोन शब्द बोलले असते तर त्याच संध्याकाळी सगळं सुरळीत झालं असतं. मी गेलेही दाराशी. बेलचं बटण दाबलं, जाळीजवळ तोंड नेलं. आतून आईंचा खोकला ऐकू आला आणि मी बटण सोडून दिलं. हर्षलचं नाव अजून कुठंतरी येणाऱ्यांच्या यादीत होतं, आणि ते मी माझ्या तोंडानं खोडायचं, हे मला जमेना. आईंच्या पायाची सूज मला दिसत होती, तरीही जमेना.

मग मी एक लबाडी केली. माझ्या फोनमध्ये हर्षलचे जुने निरोप होते. बहुतेक सगळे एकच सांगणारे. कुठं आहेस विचारलं की तो म्हणायचा, "आलोच पाच मिनटात." त्याची पाच मिनिटं कधी तासाच्या आत संपली नाहीत, यावरून आमची भांडणंही व्हायची. मी तो निरोप दाराच्या जाळीशी धरला आणि वाजवला.

"आलोच पाच मिनटात," हर्षल म्हणाला.

पारव्याचा पिवळा दिवा विझला. आलो हा शब्द आणि ओळखीचा आवाज मिळाल्यावर त्याची खात्री पटली की माणूस घरात पोचला. त्यानं गल्ली सोडली आणि आतल्या डब्याकडून खोल्या धुंडाळायला लागला, स्वयंपाकघर, न्हाणी, आमची झोपायची खोली. पण त्यासाठी त्याला टॉवर सोडावा लागत नव्हता. आत सिग्नल भरून आला. आईंची एक फेरी पूर्ण झाली. मग कुणीच सापडलं नाही म्हणून तो पुन्हा बाहेर वळला, आणि मी पुन्हा निरोप वाजवला.

असे मी काही दिवस काढले. आवाज अगदी बारीक ठेवायची. आईंची खोली मागच्या बाजूला, मध्ये चंदेरी भिंत, यंत्राची घरघर. त्यांना ऐकू जात नसणार असं मी स्वतःला सांगत होते. सूज थोडी उतरली. सिस्टरांनी शाबासकी दिली.

आणि एका संध्याकाळी वीज गेली. यंत्र बॅटरीवर गेलं, पंखे बंद पडले, घर एकदम शांत झालं. मी दाराशी होते आणि बोट आधीच निरोपावर पडलं होतं.

"आलोच पाच मिनटात."

आतून आईंचा आवाज आला, रोजचा, जरा करवादलेला. "हातपाय धुऊन घे पहिले. मंग जेवाले बस."

मी फोन पोटाशी धरून उभी होते. आत त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण पलंग करकरला. मी धावले. त्या नळीसकट उठून बसल्या होत्या, पाय खाली सोडून, पदर सावरत. चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी बघू नये.

"फोनातून वाजवलं तू?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"रोज वाजवते?"

"तुमच्या फेऱ्या पुऱ्या व्हाव्या म्हणून, आई. दुसरं काही सुचलं नाही मले."

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. बराच वेळ त्या माझी बोटं चोळत राहिल्या.

"लहानपणी लय खोटं बोलायचा तो," आई म्हणाल्या. "अभ्यास झाला, दूध पेलो, असं. मी मारून मारून ते सोडवलं. आता तो नाही तर त्याच्या तोंडून खोटं नको वदवू, प्रणाली. माह्या पोराले खोटारडा नको करू."

मी तेव्हा रडले. हर्षल गेल्यापासून नीट पहिल्यांदाच. आई रडल्या नाहीत.

* * *

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं. यंत्र लावायची वेळ झाली तर म्हणाल्या, आधी मला दारापाशी ने. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या सावकाश आल्या. पारव्याचा पिवळा दिवा लागलेला होता. गल्लीतही घराघरावर पिवळे दिवे होते.

"काय म्हणू त्याले?" त्यांनी विचारलं.

"येणार नाही म्हटलं तर फक्त आजच्यापुरतं थांबते. उद्या पुन्हा सुरू होते." मला पुढचं सांगवेना, पण सांगितलं. "गेला म्हणावं लागते, आई."

त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. "हे माह्याच अंगावर आलं," त्या म्हणाल्या. "बालवाडीत होता. दप्तर घेतलं अन् म्हणे आई, जातो. मी त्याले दारातून परत फिरवलं, पाटावर बसवलं, अन् म्हटलं, जातो म्हणू नाही बाळा, येतो म्हण. तेव्हापासून कधी चुकला नाही. त्या दिवशीही म्हटलं त्यानं. मीही ये म्हटलं. आता मी दिलेला शब्द मीच परत घेऊ?"

"नका घेऊ, आई. मी म्हणते."

"तू नाही." त्यांनी मला बाजूला केलं. "तुह्या तोंडात तो शब्द राहू नये. तुले अजून लय जगायचं आहे."

त्यांनी बेलचं बटण दाबलं. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा त्यांनी घसा खाकरला, पहिलीच्या वर्गापुढं उभं राहताना खाकरत असतील तसा, आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "हर्षल गेला."

पिवळा दिवा विझला. मग चोपडेकाकांच्या घरावरचा विझला, मग गिरणीवरचा, अंगणवाडीवरचा, पाराजवळचा. आई एकेक विझताना बघत होत्या. समोर काका ओसरीवर बसले होते. त्यांना काय झालं ते कळलं असावं, कारण ते उठून उभे राहिले आणि आम्ही आत जाईपर्यंत बसले नाहीत.

त्या संध्याकाळी सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या. लाईन एकदाही तुटली नाही. मेश्राम सिस्टर स्क्रीनवरून म्हणाल्या, "आज काय जादू केली, आजी?" आईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला दिवा बंद करायला सांगितलं. समोरच्या घरातून मॅचचा आवाज आला नाही. काकांनी टीव्ही लावलाच नव्हता.

सकाळी मी नेहमीसारखी निघाले. डबा घेतला, बूट चढवले आणि न बोलता फाटकाकडे चालू लागले. आई अंगणात तुळशीपाशी उभ्या होत्या.

"प्रणाली," त्यांनी हाक मारली. "परत फिर."

मी परत दारापर्यंत आले.

"कोणी असं मुक्यानं घराबाहेर पडते काय? किती दिवस झाले मी पाहून राह्यली. म्हण."

मी पारव्याकडे बघितलं, त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. संध्याकाळी मी परत आले नाही तर हे घर, ही गल्ली आणि ही बाई पुन्हा त्याच फेऱ्यात सापडतील, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं.

"येते, आई," मी म्हटलं.

छज्ज्याखाली पारव्याचा पिवळा दिवा लागला. आईंनी तो लागलेला नीट बघून घेतला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"ये," त्या म्हणाल्या.